एक घर पुढे

माझ्या वहिनीचे डोळे उत्तम होते, निवृत्त झाल्यावरही सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवायची. पण ती जगायची कानाने. जिन्यावरची पावलं कुणाची, पंख्याचा कुठला स्क्रू सैल झालाय, शेजारच्या घरात अबोला चालू आहे की नुसतीच शांतता आहे, हे तिला बसल्या जागी कळायचं. फोनवरच्या माझ्या पहिल्या ‘काय गं’वरून ती सांगायची, आज शाळेत भांडण झालं तुझं. मी गणित शिकवायचे आणि बहुतेक दिवशी भांडूनच यायचे, तेव्हा यात फार मोठी विद्या नव्हती, असं मी तिला म्हणायचे. नणंद आहे मी शेवटी, कौतुक केलं तरी चिमटा काढूनच करणार.

ती एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून तिची उमेदीची वर्षं गेली. नोकरीच्या सुरुवातीला तिच्या हातून एक घोळ झाला होता. एक माणूस हुंदके देत देत बाळंतिणींचा वॉर्ड मागत होता. हिला वाटलं, दुःखाच्या भरात बिचारा भलताच वॉर्ड सांगतोय. हिने आपल्या शहाणपणाने त्याला शवागाराला जोडून दिलं. तो नुकताच बाप झाला होता आणि आनंदाने रडत होता. साहेबांनी बोलायचं ते बोलून घेतलंच, पण वहिनीने स्वतःला त्याहून जास्त बोलून घेतलं. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला: माणूस जे मागतो तेच त्याला द्यायचं, मध्ये आपली अक्कल पाजळायची नाही.

हा नियम ती घरीही पाळायची. जेवताना कुणी ‘पुरे’ म्हटलं की तिचा हात तिथल्या तिथे थांबायचा, दुसऱ्यांदा आग्रह म्हणून नाही. आमच्या आईला ते फार लागायचं. पण माझ्या दादाला तिचा हाच गुण आवडायचा. तो मुळात कमी बोलणारा, आणि कमी बोलणाऱ्याला असंच माणूस लागतं, ज्याला एकदा सांगितलं की पुरतं.

दादा त्याच इस्पितळात लिफ्ट मेकॅनिक होता. लिफ्टमधला फोन चालतो की नाही हे अधूनमधून तपासायचं काम त्याच्याकडे होतं, आणि तो फोन थेट वहिनीच्या बोर्डावर लागायचा. हळूहळू तो इतक्या वेळा तपासला जायला लागला, की इस्पितळातल्या दुसऱ्या कुठल्याच यंत्राची कुणी एवढी निगा राखली नसेल. एके दिवशी तिने विचारलं, लिफ्ट अडकली आहे का? दादा म्हणाला, लिफ्ट नाही, मी अडकलोय. घरी दोन शब्द न बोलणारा माझा भाऊ हे बोलला यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तिचं तोंड पाहायच्या आधीच त्याने तिचं नाव ‘हॅलो’ ठेवलं होतं, आणि लग्नानंतरही तेच राहिलं. आतल्या खोलीतून ‘हॅलो’ अशी हाक आली की आई आधी फोनकडे बघायची.

त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल दोघांपैकी कुणी कधी चकार शब्द काढला नाही. दोघांचं एकमेकांत बरं चाललं होतं, आणि दृष्ट लागावी असंच चाललं होतं.

मग दादाला स्नायूंचा आजार झाला. आधी हातातून पाना गळायला लागला, मग जिना सुटला, मग घास गिळणं अवघड झालं, मग जीभ गेली. शेवटी उरलं ते उजव्या हाताचं एक बोट. डोळ्यांनी हो-नाही सांगता आलं असतं, पण पापण्या त्याच्या मनाविरुद्ध मिटायच्या, त्या होकारावर कुणाचाच भरवसा नव्हता. तेव्हा स्पीच थेरपीवाल्या बाईंनी कॉम्प्युटरवर त्याच्यासाठी बोलायचा एक पट करून दिला. पडद्यावर ओळीने घरं, प्रत्येक घरात एक शब्द. एक पिवळी चौकट टक, टक करत एका घरावरून पुढच्या घरावर सरकत जायची. हव्या त्या घरावर ती आली की दादाने बोटाखालचं बटण दाबायचं, मग कॉम्प्युटर तो शब्द मोठ्याने बोलायचा. पहिल्या ओळीत माणसं होती आणि त्या ओळीच्या शेवटी ‘हॅलो’. दुसऱ्या ओळीपासून दुखणीखुपणी आणि हवं-नको, एकमेकांत मिसळून.

पडदा दादाकडे तोंड करून असायचा. वहिनी तो बघायचीच नाही. ती स्वयंपाकघरात भांडी लावता लावता ऐकायची. ‘रेडिओ’ ऐकू आलं की रेडिओ लागायचा. ‘उशी’ ऐकू आलं की उशी सरकायची. आणि ‘हॅलो’ ऐकू आलं की हातातलं टाकून ती जायची आणि त्याच्याजवळ बसायची. त्या हाकेत काम काही नसायचं, नुसतं ये आणि बस. रविवारी मी गेलेली असायचे तेव्हा मला त्याचा रागही यायचा. माझी गोष्ट ऐन रंगात आलेली असायची, आतून ‘हॅलो’ यायचं आणि वहिनी उठायची. मी म्हणायचे, जा बाई, ट्रंक कॉल आलाय तुझा.

अशी बरीच वर्षं गेली. कॉम्प्युटर म्हातारा झाला, दादाचं बोटही मंदावलं, पण दोघांचं जुळलेलं होतं. एका सकाळी मात्र कॉम्प्युटर सुरूच होईना. दुपारी झाला, संध्याकाळी परत बंद. थेरपीवाल्या बाई म्हणाल्या, आता याच्यावर विसंबू नका, एक संस्था नवा देतेय, तो घ्या. वहिनीचा जीव टांगणीला लागला. तिच्या नवऱ्याची वाचा त्या डब्यात होती.

नवा आला, नव्या सिस्टीमचा. त्याच्यावर जुना प्रोग्रॅम उघडेचना. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकली तर पट आला, पण शब्द गेले. घराघरात नुसती प्रश्नचिन्हं. वहिनीने हेल्पलाईनला फोन लावला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेली बाई आता स्वतः ताटकळत गाणं ऐकत बसली. मी म्हटलं, दे इकडे, मी बघते त्यांच्याकडे. तिने दिला नाही. म्हणाली, त्या पोरीच्या कानात दिवसभर लोक ओरडतात, त्यात तुझी भर नको.

फॉन्ट टाकल्यावर शब्द परत आले. मग कॉम्प्युटर बटण ओळखेना. त्याची सोय केली तर एकदा दाबलेलं दोनदा लागायला लागलं; दादाने पाणी मागितलं की तो ‘पाणी पाणी’ करायचा, जसा काही माणूस वाळवंटातच पडलाय. तेही निस्तरलं. मग भर दुपारी अपडेट सुरू झालं आणि पडद्यावर ‘कृपया वाट पाहा’ आलं. तोंड उघडलेल्या माणसाला वाट पाहायला सांगणारं यंत्र मी पहिल्यांदाच बघितलं. आवाजही बदलला होता. जुना आवाज सर्दी झालेल्या कारकुनासारखा होता, पण तो दादाचा झाला होता. नव्यात एक गोड बाई बोलायची. माझ्या भावाच्या तोंडून बाई बोलली तेव्हा मी हसले, आणि लगेच तोंड धुवायला उठून गेले. वहिनीने शोधून शोधून पुरुषाचा आवाज लावला. तो बातम्या दिल्यासारखा बोलायचा, पण आम्ही चालवून घेतला.

प्रत्येक अडचणीला ती नेटाने भिडत होती. हेल्पलाईनवाली सांगेल ते सगळं शब्दशः करायची, एक पायरी इकडची तिकडे नाही. शेवटी राहिली एक खरखर. चौकट सरकतानाचं टक आणि बोलला जाणारा शब्द एकमेकांत अडकायचे आणि कानात काच खरवडल्यासारखं व्हायचं. ती मुलगी म्हणाली, टक बंद करून टाका, त्याचं काही काम नाही. वहिनीने चौकटीच्या वेगाचंही विचारून घेतलं. जुना घटकाभर सुरू झाला तेव्हा मुलीने त्यातला आकडा बघायला लावला, मग नव्यातला. दोन्हीकडे एकच आकडा होता. वहिनीने टक बंद केलं आणि खरखर थांबली. तिने मला फोन केला, तिचा आवाज इतका हलका मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. सगळं लागलं मार्गाला, म्हणाली, आता बोलेल तुझा दादा.

दादा बोलायला लागला, पण त्याच्या बोलण्यातली संगतीच गेली. ऐन उकाड्यात ‘पांघरूण’ म्हणायचा. सकाळी बातम्यांच्या वेळेला ‘पाठ खाजते’ म्हणायचा, रोज, त्याच वेळेला. वहिनी पाठ खाजवून द्यायची. दिवसाउजेडी ‘झोप येते’ म्हणायचा, पुन्हा पुन्हा म्हणायचा. वहिनी पडदे ओढायची, दिवा घालवायची, दार लोटून घ्यायची. अंधारात तो टक्क उघड्या डोळ्यांनी पडलेला असायचा. आणि दिवसातून अनेकदा, खास करून संध्याकाळी, म्हणायचा, ‘मळमळतं.’

मळमळीवर डॉक्टरांनी एक औषध दिलं. ते कडू जहर होतं, आणि दादाला साधी लाळ गिळताना घाम फुटायचा. मळमळतं म्हटलं की वहिनी चमचा घेऊन जायची, त्याची मान उचलून धरायची, आणि तो चमचा त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत थांबायची. मग तोंड पुसून परत कामाला. मी एकदा म्हटलं, अगं, याला खरंच मळमळतं का? काही उलटीबिलटी नाही. तर म्हणाली, तो म्हणतोय ना? त्याला काय होतंय ते मी ठरवू का?

वहिनी चिडायची नाही, पण खचत चालली होती. एकदा भाजी निवडताना खाली मान घालून म्हणाली, हल्ली तो मला हाकच मारत नाही. मी म्हटलं, आजारी माणूस आहे तो. ती म्हणाली, आजारी तर आधीही होता.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. दादासमोर खुर्ची घेऊन, पडद्याकडे पाठ करून बसले, त्याचा चेहरा न्याहाळत. त्यांनी त्याला ‘पाणी’ म्हणायला सांगितलं, निघालं दुसरंच. ‘दिवा’ म्हणायला सांगितलं, तेही चुकलं. आम्हाला बाहेरच्या खोलीत बोलावून हळू आवाजात म्हणाले, या आजारात कधीकधी मेंदूवरही परिणाम होतो, मनाची तयारी ठेवा. माणूस चांगला होता, आवाजात माया होती. वहिनीने त्यांचंही ऐकलं. त्यानंतर ती दादाशी बोलायची ते लहान मुलाशी बोलल्यासारखं, सोपं सोपं, मोठ्याने. मला ते बघवायचं नाही. तिलाही ते करवत नव्हतं, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दादा हळूहळू कमी बोलायला लागला. मग फक्त संध्याकाळचं ‘मळमळतं’ उरलं. मग तेही थांबलं. बोट बटणावरच असायचं, पण हलायचं नाही. डॉक्टर म्हणाले, आता बोटही गेलं.

एका रविवारी दुपारी मी दादाची नखं कापत होते. वहिनी जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला निघाली होती, पण त्यातले फोटो तिला हवे होते, म्हणून तिने तो पलंगामागच्या टेबलावर लावून बघितला. त्याची लहर, त्या दिवशी तो सुरू झाला. सुरू झाल्या झाल्या सवयीप्रमाणे पट उघडला आणि चौकट चालायला लागली. टक. बऱ्याच वेळाने, टक. वहिनी दादाजवळ येऊन बसली. आता स्वयंपाकघरात बसून ऐकण्यासारखं काही राहिलं नव्हतं, त्यामुळे ती त्याच्याजवळच असायची. तिच्यासमोर नव्याचा पडदा होता, मागून जुन्याचं टक ऐकू येत होतं.

तिने माझा हात धरला. नेलकटर माझ्या हातातून खाली पडलं.

"हे पुढे पळतंय," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग तिने दाखवलं. नव्याची चौकट एका घरावर आली, पुढच्यावर गेली, आणि तेव्हा कुठे मागून टक झालं. आकडा दोन्हीकडे तोच होता, पण जुना कॉम्प्युटर थकून गेलेला. तो आपल्या आकड्याच्याही मागे रेंगाळत चालायचा, आणि त्याच्याबरोबर दादाचं बोट रेंगाळायला शिकलं होतं. नवा सांगितल्याप्रमाणे चालत होता. दादा मनाने योग्य घर धरायचा, बोट खाली जाईपर्यंत चौकट एक घर पुढे गेलेली असायची. त्याने आधीच दाबायची धडपडही केली असेल, त्यात आणखी भलतंच निघालं असेल. चौकट कधी सरकणार हे सांगणारं टकही आम्ही बंद करून ठेवलेलं.

वहिनीने दादाचं बोट हलकेच बाजूला केलं आणि आपलं बोट बटणावर ठेवलं. चौकट ‘रेडिओ’वर आली, वहिनी दादासारखी जरा थांबली आणि तिने दाबलं. बातम्यांच्या आवाजात कॉम्प्युटर म्हणाला, पाठ खाजते. मग ती ‘चुकलं’ या घराची वाट बघत बसली. काही भलतंच बोललं गेलं तर सांगता यावं म्हणून थेरपीवाल्या बाईंनी ते घर मुद्दाम ठेवलं होतं. ती थांबली, दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, झोप येते.

म्हणजे तो सांगत होता. चुकलं, चुकलं, चुकलं, असं तो जीव तोडून सांगत होता, आणि दर वेळी आम्ही दिवा घालवून दार लोटून घेत होतो.

चौकट वर गेली, माणसांच्या ओळीतून सरकत शेवटच्या घरावर आली. ‘हॅलो’. या वेळी वहिनीने दाबलंच नाही. खालच्या ओळीच्या पहिल्या घरात काय लिहिलंय ते तिला दिसत होतं, मलाही दिसत होतं.

"तो मला हाक मारत होता गं," ती म्हणाली. "आणि मी जाऊन त्याला औषध पाजत होते."

मी आयुष्यात पुष्कळ भांडले, पुष्कळ रडले, पण त्या दुपारसारखं कधी नाही. मला सारखं दिसत होतं ते एकच: माझा भाऊ बायकोला जवळ बोलावतोय, ती येतेय, आल्याचा त्याला आनंद होत असेल तेवढ्यात चमचा पुढे. आणि तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा हाक मारतोय. तो चमचा येणार हे आता त्याला माहीत आहे. ती येईल, मान हातावर घेईल, तोंड पुसेल, एवढ्यासाठी तो ते जहर गिळायचा.

दादाचे डोळे उघडे होते. आम्ही जे केलं ते सगळं त्याने पाहिलं होतं. वहिनी त्याच्या कानाशी वाकली. लहान मुलाशी बोलतात तसं नाही, पूर्वी बोलायची तसं, हळू आवाजात बोलली. म्हणाली, तुझं काही चुकत नव्हतं रे, तू बरोबर बोलत होतास. मग तिने वेग कमी केला, टक चालू केलं. खरखर होते तर होऊ दे म्हणाली. जुन्याच्या तालाशी नव्याचा ताल मिळेपर्यंत ती आकडा फिरवत राहिली, आणि तिच्या कानाने तो अचूक मिळवला. दादाचं बोट तिने बटणावर ठेवलं.

चौकट फिरत राहिली. पाणी, उशी, रेडिओ, चुकलं, सगळ्यांवरून जाऊन आली. बोट हललं नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी ती बसली, तिसऱ्या दिवशी बसली. पट आता अगदी बिनचूक चालत होता, आणि बोलणारा राहिला नव्हता. बोट आजाराने गेलं की कंटाळून गेलं, हे तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजाराने. ते खरंच असेल, पण आयुष्यात पहिल्यांदा वहिनीचा कुणाच्या तरी शब्दावर विश्वास बसला नाही.

दादा त्यानंतर फार दिवस राहिला नाही. तो जायच्या आधीच्या रविवारी मी गेले, तर दार नुसतं लोटलेलं होतं. चप्पल काढता काढता मला आतून वहिनीचा आवाज आला, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखा. मग थोडा वेळ नुसतं टक, टक. मग परत तिचा आवाज. एक क्षण मला वाटलं, बोट हललं. मी धावत आत गेले.

बोट तसंच होतं. वहिनी पलंगाच्या कडेला बसली होती आणि पडद्याकडे बघत होती. चौकट माणसांच्या ओळीतून सरकत ‘हॅलो’वर आली की ती दादाकडे वळून उत्तर द्यायची. चौकट पुढे जायची, सगळा पट फिरायची, परत यायची, आणि ही परत उत्तर द्यायची. तिचा आवाज बसला होता, म्हणजे सकाळपासून हे चाललं असणार. मला ते सहन होईना.

"वहिनी, बास कर," मी म्हटलं. "त्याने दाबलेलं नाही."

"माहितीये मला," ती म्हणाली. "दाबत होता तेव्हा मी ओ दिली नाही. आता तरी देऊ दे."

मी तिच्या शेजारी बसले. चौकट दुखण्याखुपण्यांवरून, हव्या-नकोवरून सावकाश फिरून पुन्हा वर आली, पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरावर थांबली. वहिनीने दादाच्या बोटावर हात ठेवला.

"ओ," ती म्हणाली, "आले."